देसाई करेक्शन

दिवाळी अंकासाठी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अग्निबाण, उलटी मोजणी आणि टाळ्यांचा कडकडाट असणार. मी त्यांना आधीच सांगून टाकलं, की अख्ख्या नोकरीत मी एकही उड्डाण जवळून पाहिलेलं नाही. उड्डाण झालं, पेढे वाटून झाले, वर्तमानपत्रांत फोटो आले, की मग आमचं काम सुरू व्हायचं. हवामानाच्या उपग्रहावरचा कॅमेरा जे तापमान सांगतो ते खरं की खोटं, हे तपासायचं. थोडक्यात, लोकांच्या आनंदात शंका काढण्याची नोकरी मी बंगळुरूत आयुष्यभर केली.

या नोकरीनं माणसाचा स्वभाव बिघडतो. मुलाला ताप आला की मी एका थर्मामीटरवर विश्वास ठेवत नसे. दुसरा लावायची, मग दोन्ही माझ्या काखेत लावून बघायची. तोवर मुलगा झोपी गेलेला असे आणि नवरा क्रोसिन देऊन मोकळा झालेला असे. जयनगरच्या बाजारात माझा भाजीवाला मला पाहिलं की आधी काटा रिकामा करून दाखवायचा आणि मग विचारायचा, "मॅडम, इवत्तु मळे?" आज पाऊस आहे का, म्हणून. उपग्रहवाल्या बाईला एवढं तरी माहीत असायलाच हवं, असं त्याचं म्हणणं. मला खरोखरच माहीत नसे. पाऊस सांगणारे वेगळे, त्यांच्या हातातलं माप नीट आहे ना हे बघणारी मी वेगळी, हे मी त्याला कन्नडमधून पुष्कळदा समजावलं. तो "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा.

तुम्हालाही तेच समजावते, कारण पुढची हकिगत त्यावर उभी आहे. हा कॅमेरा उष्णता बघतो. ढगाचा माथा जितका थंड तितका तो ढग उंच, आणि त्यावरून पावसाचा नि वादळाचा जोर ठरवतात. आता एवढ्या उंचावरून कॅमेऱ्याला थंड म्हणजे किती आणि गरम म्हणजे किती हे कसं कळणार? त्यासाठी त्याला दोन ओळखीच्या गोष्टी पुन्हा पुन्हा दाखवतात. एक म्हणजे मोकळं अवकाश, ते अतिशय थंड असतं. दुसरी म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातच बसवलेली एक काळी पाटी. तिला बारीक तापमापक चिकटवलेले असतात, त्यामुळे ती किती गरम आहे हे पक्कं ठाऊक असतं. एक आरसा वळून वळून अवकाश बघतो, पाटी बघतो आणि मग पृथ्वी बघतो. पहिल्या दोघांवरून माप धरायचं आणि तिसरीला लावायचं. आम्ही खाली बसून समुद्रातल्या जहाजांनी आणि तरंगत्या तापमापकांनी मोजलेलं पाणी आणि कॅमेऱ्यानं वरून मोजलेलं पाणी जुळतं का हे बघायचो. समुद्र एवढ्यासाठी, की तो जमिनीसारखा घटकेत तापत नाही आणि घटकेत निवत नाही.

ती काळी पाटी आमच्याकडे देसाई अण्णा करायचे. अण्णा निपाणीचे. बंगळुरूत तेव्हाच त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं होतं, तरी बोलणं निपाणीचंच राहिलं होतं. मी पुण्याची, त्यांच्याहून बरीच लहान, पण इथल्या रिवाजाप्रमाणे ते मला अक्का म्हणायचे. आम्ही जयनगरात जवळजवळ राहायचो आणि सकाळी एकाच स्टॉपवर ऑफिसच्या बसची वाट बघायचो. मला पाहिलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय अक्का, आज कुणाला नापास करायलासा?"

आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. कागदावर प्रत्येक भागाला लांबलचक इंग्रजी नाव असायचं, पण बोलताना भागाला माणसाचं नाव. रावांची बॅटरी. शांताची वायरिंग. अण्णांची पाटी. "रावांची बॅटरी आज रुसलीय" असं कुणी म्हटलं की राव स्वतःच उठून जायचे. त्यात मोठा जिव्हाळा होता असं मला तेव्हा वाटायचं. काम चांगलं झालं की नावाला शाबासकी मिळायची, आणि ती कुठल्याही प्रमाणपत्राहून मोठी असायची. कॅमेऱ्याच्या आरशाला मात्र कुणाचंच नाव नव्हतं. काच एका विभागाची, तिच्यावरचा लेप दुसऱ्याचा, वळवण्याची यंत्रणा तिसऱ्याची. तो नुसताच आरसा होता.

अण्णा पाटीच्या बाबतीत भारी चिकट. ती सपाट नसते, तिच्यावर बारीक खाचा कातलेल्या असतात, म्हणजे तिच्यावर पडलेला उजेड आत अडकून राहावा आणि परत फिरू नये. त्या खाचा कातायला अण्णा पीण्या या बंगळुरूच्या कारखान्यांच्या भागातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्वतः जाऊन उभे राहायचे. एकदा मीही गेले होते. मालक दर थोड्या वेळानं मशीन थांबवून विचारायचा, "सर, इन्नू स्वल्प?" अजून थोडं कातू का, म्हणून. अण्णा भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "स्वल्पदल्ली स्वल्प." थोड्यातलं थोडं. दुपार उलटली तरी त्यांचं ते थोडं संपेना. मला भूक लागली होती आणि मी चिडले होते. शेवटी मालकानंच आपला डबा उघडून आम्हा दोघांना चित्रान्न खायला घातलं. परतताना अण्णा ती पाटी मांडीवर घेऊन बसले होते आणि रिक्षा खड्ड्यात आदळली की मनापासून शिव्या देत होते.

उड्डाणाआधी ती पाटी मीच तपासली. हवा काढून टाकलेल्या मोठ्या टाकीत कॅमेरा ठेवून, थंड करून, गरम करून, आठवडेच्या आठवडे. पाटीत खोट निघाली नाही. ती अण्णांची शेवटची पाटी होती, पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. मी पास म्हणून सही केली तेव्हा त्यांनी सगळ्या विभागाला जिलेबी दिली.

उपग्रह वर गेला. पहिली चित्रं सुरेख आली. आणि मग हवामान खात्यातल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. हा गृहस्थ कधी सरळ बोलत नसे. म्हणाला, "मॅडम, आपके सॅटेलाइट में अरबी समंदर को सर्दी हो गई है क्या?" मी हसले आणि आकडे काढून बसले. त्याचं बरोबर होतं. जहाजं जे पाणी कोमट सांगत होती ते आमचा कॅमेरा गार सांगत होता. फार नाही, पण चालवून घेण्याजोगंही नाही. वादळांचा मोसम तोंडावर होता. ढग आहे त्याहून थंड दिसला, तर साधं वादळ मोठं वाटणार आणि लोकांना विनाकारण गावं सोडायला लावणार.

तातडीची बैठक बसली. मी आकडे मांडले आणि सांगितलं, की चित्रातल्या प्रत्येक तापमानात एवढी भर घाला, समुद्र जुळेल. कारण काय, असं अध्यक्षांनी विचारलं. मी म्हटलं, दोन शक्यता आहेत, पाटी किंवा आरसा. पाटी चुकली असेल तर सगळं चित्र सारखंच चुकेल. आरसा चुकत असेल तर तो जसजसा वळेल तशी चूक बदलेल, म्हणजे चित्राच्या एका कडेला जास्त आणि दुसरीकडे कमी. आणि मला तर सगळीकडे सारखीच चूक दिसत होती.

तेव्हा अण्णा उठले. एरवी बैठकीत ते फारसं बोलत नसत. "तुमचं सगळीकडे म्हणजे अरबी समुद्र," ते म्हणाले. "तो चित्रात पश्चिमेला. पूर्वेकडचं बघा की."

मी म्हटलं, पूर्वेला या दिवसांत ढगच ढग आहेत, उघडं पाणी दिसतच नाही. खरं तेच होतं. अण्णा म्हणाले, "मग आकाश उघडेस्तोवर कारण लिहू नका." अध्यक्षांना थांबायला वेळ नव्हता, आणि मोसम तर कुणासाठीच थांबणार नव्हता. मी माझ्या अहवालात 'कारण अनिश्चित' असं लिहिलं होतं. बैठकीच्या मिनिट्समध्ये मात्र आलं, 'काळ्या पाटीतील संभाव्य त्रुटी'. पुढच्या कागदात त्यातलं 'संभाव्य' गळलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. माझा आकडा प्रत्येक चित्राला आपोआप लागावा म्हणून सॉफ्टवेअरच्या मुलांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याला काहीतरी नाव हवं होतं. आमची पद्धत तुम्हाला सांगितलीच आहे. पाटी अण्णांची, म्हणून चूक अण्णांची, म्हणून दुरुस्ती अण्णांची. त्यांनी नाव दिलं 'देसाई करेक्शन'. त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता, पोरांनी सवयीनं दिलं. चित्रांच्या फाइलीत त्या नावाचा एक रकाना तयार झाला आणि ती फाइल देशभर, मग देशाबाहेरही जाऊ लागली. आरशाला नाव नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवायला कुणाची जीभ वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉपवर अण्णा नेहमीच्या जागी उभे होते. मला पाहून त्यांनी मान हलवली. नापास करायलासा काय, हे विचारलं नाही. बसमध्ये शेजारी बसले, कांद्याच्या भावाबद्दल बोलले, मुलीच्या शाळेबद्दल बोलले. निवृत्त होईपर्यंत आम्ही रोज असंच बोललो आणि पाटीचा विषय काढला नाही. मी काढायला हवा होता. तेव्हा मला वाटायचं, की माझ्यापाशी नवीन आकडे नाहीत, मग बोलायचं काय? तपासणाऱ्या माणसाला आकड्यांशिवाय तोंड उघडणं म्हणजे लबाडी वाटते. पण शेजारी बसलेल्या माणसाला वाईट वाटलंय एवढं कळायला आकडे लागत नाहीत.

त्या हिवाळ्यात पूर्वेकडचं आकाश उघडलं. पण तोवर मला पुढच्या उपग्रहाच्या कॅमेऱ्यावर घेतलं होतं आणि मी दिवसचे दिवस टाकीपाशी असायची. दुरुस्ती लागत होती, अरबी समुद्र जुळत होता, फोन बंद झाले होते. अंदमानच्या पलीकडच्या पाण्याची चौकशी करायला कुणी येत नव्हतं. अण्णांच्या निरोप समारंभात आमचा एक सहकारी, गोपाळ, भाषणात म्हणाला, "देसाई साहेब चालले, पण करेक्शन मागे राहिलं!" हशा पिकला. अण्णाही हसले. त्यांची बायको शेजारी बसली होती, ती सगळे हसतायत म्हणून हसली. मला तो हशा अजून ऐकू येतो.

काही वर्षांनी जुनी चित्रं नव्यानं तपासून नीट लावायचं काम निघालं आणि ते माझ्याकडे आलं. आता पूर्वेकडच्या समुद्रांतले तापमापकही हाताशी होते. मी दोन्ही कडा शेजारी शेजारी मांडल्या आणि खुर्चीतच बसून राहिले. पश्चिमेला चूक पुरेपूर होती. मध्यावर कमी होत होती. पूर्वेला जवळपास नव्हतीच. तिथं आम्ही निष्कारण भर घालून चांगलं तापमान बिघडवत आलो होतो. आरशावरचा लेप वळणाच्या कोनानुसार वेगवेगळी उष्णता टाकत होता. पाटीचा त्यात काही संबंध नव्हता. पुन्हा तपासलं, सहकाऱ्यांकडून तपासून घेतलं. पाटी अगदी स्वच्छ होती.

त्याच रविवारी मी अण्णांच्या घरी गेले. ते बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "अण्णा, आरसा होता. तुमची पाटी बरोबर होती."

त्यांनी झारी खाली ठेवली. मग म्हणाले, "पूर्वेकडचं बघा म्हटलं होतं की मी."

"हो."

"आता नाव काढतील काय?"

मी म्हटलं, काढायला लावते. अगदी ठासून म्हटलं.

नवी दुरुस्ती महिन्याभरात मान्य झाली. प्रत्येक कोनाला वेगळा आकडा, शास्त्रशुद्ध, सगळ्यांनी कौतुक केलं. पण नावाचा विषय काढला की समोरचा माणूस घड्याळाकडे बघायचा. ठिकठिकाणचे लोक आपापल्या प्रोग्रामांत 'देसाई करेक्शन' हा रकाना शोधतात, तो बदलला तर सगळ्यांचे प्रोग्राम बंद पडतील, असं उत्तर मिळालं. मग रकाना तोच ठेवून आत आरशाचे आकडे घालण्यात आले. पुढच्या उपग्रहांच्या फाइलींतही सोयीसाठी तेच नाव गेलं. मी म्हटलं, निदान त्या जुन्या बैठकीच्या मिनिट्समध्ये एक ओळ तरी घाला, की पाटीत त्रुटी नव्हती. तर म्हणे, मंजूर झालेली मिनिट्स उघडता येत नाहीत. मी पत्रं लिहिली, भांडले, वरच्या साहेबांच्या खोलीबाहेर बसून राहिले. चिकाटीची बाई म्हणून माझं नाव झालं, काम झालं नाही. मग मीही निवृत्त झाले.

अण्णांना जाऊन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असू दे. कोण विचारायला बसलंय?" वहिनींनी चहा आणला आणि त्यांनी लगेच विषय बदलला.

गेल्या वर्षी अण्णांची पंचाहत्तरी झाली. जयनगरातल्याच एका हॉलमध्ये, दुपारच्या जेवणाचा कार्यक्रम. निपाणीचे नातेवाईक आले होते. आमच्या ऑफिसातले थोडे जुने लोक होते, त्यांत गोपाळही होता. अण्णांची मुलगी नंदिता आता मारतहळ्ळीला एका कंपनीत आहे. ती कंपनी उपग्रहांची माहिती वापरून शेतकऱ्यांना आणि विमावाल्यांना हवामान सांगते. तिथली तिची मित्रमंडळीही आली होती. नंदिता माईक घेऊन उभी राहिली.

"बाबांना न सांगता मी आज एक गोष्ट सांगणार आहे," ती म्हणाली. "जॉइन झाले त्या आठवड्यात मी पहिली सॅटेलाइटची फाइल उघडली, आणि त्यात आमच्या घरचं नाव! देसाई करेक्शन. मी सीनियरला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, हे लावल्याशिवाय एकही टेंपरेचर खरं धरायचं नाही. मी म्हटलं, अरे, हे तर माझे बाबा आहेत!"

तिच्या ऑफिसची मुलं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मग सगळा हॉल उठला. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. अण्णांनी घरी यातलं काहीच कधी सांगितलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. निरोपाच्या दिवशीचा तो हशासुद्धा वहिनींना उलगडलेला नव्हता. मी अण्णांकडे बघितलं. ते हात जोडून बसले होते आणि त्यांची नजर जमिनीवर होती.

नंदितानं माईक त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, आता सांगतात. अण्णा म्हणाले, "त्या करेक्शनचा आकडा मी नाही काढला. आमच्या अक्कांनी काढला. या की अक्का, वर या."

मला वर जावं लागलं. कुणीतरी मला फूल दिलं. समोर नंदिताचा चेहरा आनंदानं फुललेला होता. खरं सगळं सांगितलं तर तिला कळणार, की ज्या नावाचा तिला एवढा अभिमान आहे ते एका चुकीला चिकटवलेलं नाव होतं, आणि ती चूकही तिच्या वडिलांची नव्हती. नुसतं हसून खाली उतरले असते, तर अण्णांना मी पुन्हा एकदा तसंच सोडून दिलं असतं.

"मी तपासणीस होते," मी म्हटलं. "अण्णांचं काम तपासणं हेच माझं काम, म्हणून अधिकारानं सांगते. अण्णांनी त्या कॅमेऱ्यासाठी जी काळी पाटी केली, ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती. तिच्यात कधीही, काहीही चूक नव्हती."

लोकांना ते कौतुक वाटलं, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. गोपाळनं तेवढ्या वाजवल्या नाहीत. तो हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानं मान खाली घातली. ज्या अध्यक्षांनी हे वाक्य ऐकायला हवं होतं ते केव्हाच वारले. जी बैठक व्हायला हवी होती ती झालीच नाही. एका माणसाची निर्दोष सुटका मला लग्नाच्या हॉलमध्ये, जेवणाच्या पंगतीआधी, शुभेच्छा म्हणून उरकावी लागली, याचं मला फार वाईट वाटतं.

मी माईक खाली ठेवला तेव्हा अण्णांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता.

"अक्का, हे मिनिट्समध्ये येईल काय?"

मी म्हटलं, "नाही, अण्णा."

"असू दे," ते म्हणाले. "नंदितानं ऐकलं की."